नवे टायर टाकले तरी जुनी बुलेट डुलते? दोष कुठून शोधायचा

जुन्या बुलेटवाल्यांची ही तक्रार पावसाळ्याच्या तोंडावर हमखास कानावर येते. टायर गुळगुळीत झाले म्हणून दोन्ही नवे टाकले, पंक्चरवाल्याने बसवून दिले आणि घरी येईपर्यंत गाडी आपली वाटेनाशी झाली. पन्नास-साठला हँडल थरथरतं. सत्तरच्या पुढे मागून कुणीतरी सीट धरून हलवतंय असं वाटतं. मग कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) बदलतो, शॉकअप बदलतात, कुणी चाकं पुन्हा बांधून घेतो. दोन महिने बरं वाटतं आणि परत तेच सुरू होतं.

असं वारंवार का होतं, तर टायर निवडला जातो दुकानात काय पडलंय त्यावरून. तो निवडायला हवा रिमवरून. टायर उत्तम कंपनीचा असतो, ताजा असतो, फक्त तुमच्या चाकासाठी केलेला नसतो. बाकी दोष असतात, नाही असं नाही, पण त्यांच्याकडे नंतर वळायचं. खालचं सगळं मुख्यतः १९ इंची चाकांच्या, उजवीकडे गिअर असलेल्या बुलेट ३५० बद्दल आहे, कारण प्रश्न बहुतेक तिचेच येतात. जावा, राजदूत ३५० आणि आरएक्स १०० शेवटी घेतल्या आहेत.

आधी लक्षण ओळखा

"गाडी हलते" एवढ्यावरून काहीच कळत नाही. हलण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एक हातात जाणवतो, दुसरा बुडाखाली.

हँडल डावी-उजवीकडे झपाझप थरथरतं, सेकंदाला सहा-आठ वेळा, आणि बहुतेक वेळा वेग कमी होताना म्हणजे साठवरून चाळीसवर येताना ते वाढतं, तर दोष पुढच्या चाकाच्या आसपास शोधायचा. पुढची हवा, टायर रिमवर सारखा बसलाय का, चाकाचा आउट (म्हणजे चाक वाकडं फिरणं), कोनसेट.

गाडीच संथपणे डुलते, सेकंदाला दोन-तीन हेलकावे, आणि वेग वाढवला की हेलकावे मोठे होतात, तर पहिला संशय मागच्या टायरवर. त्यानंतर चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या फाट्याचे बुश आणि चाकांची सरळ रेष.

तिसरंही एक लक्षण आहे, ते लोक सांगायला विसरतात. वेगानुसार वाढणारा ठोका, चाकाच्या प्रत्येक फेरीला एक. हा जवळजवळ नेहमी टायर वाकडा बसल्याचा असतो. खूप महिने स्टँडवर न लावता उभ्या ठेवलेल्या गाडीत टायरला सपाट डाग पडल्याचाही असू शकतो.

तपासण्यासाठी हात सोडून गाडी चालवायची नाही. मोकळ्या रस्त्यावर मुठी सैल ठेवल्या तरी सगळं कळतं. आणि थरथराट सुरू झालाच तर पुढचा ब्रेक करकचून दाबू नका, हँडल आवळून धरू नका. थ्रॉटल हळू बंद करा, वजन थोडं पुढे घ्या, ते आपोआप शांत होतं.

रिम वाचा, मग दुकानात जा

जुन्या बुलेटच्या दोन्ही चाकांना ३.२५-१९ टायर. रिमवर, बहुधा व्हॉल्व्हच्या जवळ, डब्ल्यूएम२-१९ किंवा १.८५ x १९ असं ठोकलेलं असतं. क्रोमखाली किंवा गंजाखाली बुजलं असेल तर तारेच्या ब्रशने घासा. डब्ल्यूएम२ म्हणजे रिमच्या आतली रुंदी १.८५ इंच. डब्ल्यूएम१ म्हणजे १.६०, डब्ल्यूएम३ म्हणजे २.१५. मोजायची असेल तर कडेच्या बाहेरून बाहेर मोजू नका. टायरची कड जिथे टेकते त्या आतल्या दोन भिंतींमधलं अंतर घ्यायचं.

चाक आधी कुणी बदललं असेल तर त्यावर काय आहे ते देवच जाणे. जुन्या गाड्यांना तीन मालकांनी तीन रिमा घातलेल्या असतात. म्हणून हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता टायरवरचे आकडे. ३.२५-१९ मध्ये ३.२५ ही रुंदी इंचात, आणि या जुन्या पद्धतीत टायरची उंची साधारण रुंदीइतकीच धरलेली असते. नंतर आलेल्या ३.६० आणि ४.१० या इंची आकड्यांची मालिका वेगळी, त्यांची उंची रुंदीच्या सुमारे ८२ टक्के. मिलिमीटरच्या पद्धतीत ती टक्केवारी सरळ लिहिलेलीच असते. ९०/९० म्हणजे ९० मिमी रुंद आणि त्याच्या ९० टक्के उंच. म्हणजे "१९ आहे, बसतो" हे म्हणणं अर्धवट आहे. १९ इंच हा फक्त रिमचा व्यास. टायर चढेल एवढंच त्यातून कळतं.

सध्या होणारा घोटाळा असा. २०२१ मध्ये आलेल्या नव्या क्लासिक ३५० ला पुढे १००/९०-१९ टायर आहे, मिटिअरलाही तोच. त्यामुळे १९ इंचात हा टायर कुठल्याही दुकानात पटकन मिळतो. ३.२५-१९ साठी मात्र "मागवून देतो, चार दिवस लागतील" हे उत्तर मिळतं. गिऱ्हाईक घाईत असतं. १००/९० दिसायलाही भरदार, बुलेटला शोभतो. दोन्ही चाकांवर तोच चढतो.

१००/९० साठी साधारण २.१५ ते २.७५ इंच रुंदीची रिम अपेक्षित असते, त्यातही अडीच इंच सर्वांत योग्य. आपली रिम १.८५. टायर चढतो, हवा धरतो, काही फाटत नाही, म्हणून कुणालाच शंका येत नाही. पण अरुंद रिममध्ये टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात. त्यामुळे रस्त्यावर टेकणारा भाग मधोमध टोकदार होतो आणि बाजूच्या भिंतींना आधार राहत नाही. चाक एका जागी असतं आणि टायर त्याच्यावर डावी-उजवीकडे लवत राहतो. सत्तरला सीटखाली जाणवते ती हीच लवचिकता. यावर कोनसेट बदलून उपयोग काय होणार?

९०/९०-१९ चं तसं नाही. तो १.८५ च्या रिमवर बसतो, बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात ती त्याची सर्वांत अरुंद मर्यादा असते. व्यास ३.२५ पेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर कमी पडतो. बुलेटचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून फिरतो, त्यामुळे काटा किंचित जास्त वेग दाखवेल, बाकी फार काही बिघडत नाही. पुढे ९०/९० आणि मागे ३.२५ ही जोडी मी चालवून घेईन. मागे ३.५०-१९ टाकणारेही आहेत. तोही डब्ल्यूएम२ वर चालतो, फक्त चेनगार्ड आणि मडगार्डच्या स्टेपाशी (आधाराच्या सळीपाशी) जागा किती उरते ते एका माणसाला गाडीवर बसवून पाहा. स्टँडवर बोटभर दिसणारी जागा खड्ड्यात राहत नाही.

पण निवड करायची वेळ आली तर माझं मत साधं आहे. चार दिवस थांबा आणि ३.२५-१९ च घ्या. ही गाडी त्या मापावर आखलेली आहे.

विकत घेताना टायरच्या भिंतीवर आणखी दोन गोष्टी वाचा. मापानंतरचा आकडा वजनाचा असतो. ५४ म्हणजे एका टायरवर २१२ किलो, ५२ म्हणजे २००. पुढचं अक्षर वेगाचं. एल म्हणजे १२०, पी म्हणजे १५० किमी. बुलेटला एल पुरतो. पीचा टायर घेतल्याने गाडी पळणार नाही. जुन्या पद्धतीच्या टायरवर ४पीआर किंवा ६पीआर लिहिलेलं असतं. ती ताकदीची श्रेणी आहे, आतल्या थरांची मोजणी नाही.

ओल्ड स्टॉक

कमी खपणाऱ्या मापांचा हा खास त्रास. दुकानाच्या माळ्यावर कागदात गुंडाळलेला टायर "एकदम नवा" असतो, आणि रबर तोवर कडक झालेलं असतं. भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे शोधा. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. ३४२३ म्हणजे २०२३ चा ३४ वा आठवडा. हे आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून पाहा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. तो भिंतीवर टांगायचा, चाकावर चढवायचा नाही.

दोन वर्षांपेक्षा जुना मी घेत नाही. चाकावर चढलेला टायर पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट बघायचा आणि दहाव्या वर्षी नक्षी शाबूत असली तरी काढायचा. कायद्याने दुचाकीला किमान ०.८ मिमी नक्षी हवी, पण आपल्या गाड्या वर्षाला जेमतेम हजार-दोन हजार किलोमीटर चालतात. त्यांचे टायर झिजून मरत नाहीत, वाळून मरतात. नक्षीच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या किंवा अंगठ्याचं नख दाबून खूण उमटली नाही की समजायचं. पहिल्या पावसात असा टायर डांबरावर साबणासारखा वागतो.

टायर बरोबर, पण बसवणं चुकलं

माप योग्य आहे, टायर ताजा आहे आणि तरी ठोका किंवा थरथराट असेल, तर चाक उचलून हळू फिरवा. टायरच्या भिंतीवर रिमच्या अगदी जवळ एक बारीक उठावदार रेघ असते. ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एके ठिकाणी ती रिमखाली गडप झाली असेल तर तिथे टायर आत रुतून बसलाय, आणि प्रत्येक फेरीला चाक तिथे दबतं.

उपाय फुकट आहे. हवा पूर्ण काढा, कड सगळीकडून दाबून मोकळी करा, साबणाचं दाट पाणी लावा, मग टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत राहून जरा जास्त हवा भरा. टक् असा आवाज येऊन कड जागेवर जाते. मग हवा नेहमीच्या आकड्यावर आणा. दोन्ही बाजूंची रेघ तपासा. पंक्चरवाले साबण लावायचा कंटाळा करतात. त्यांच्यासमोर उभं राहून लावून घ्या, वाईटपणा आला तरी चालेल.

ट्यूबलेस लिहिलेला टायर ट्यूब घालून वापरला असेल तर हा त्रास जास्त होतो. त्याची कड जाड आणि आवळ असते, आणि डब्ल्यूएम रिमला ट्यूबलेस रिमसारखा आतला उंचवटा नसतो. ट्यूब टाइप मिळत असताना ट्यूबलेस घेण्यात अर्थ नाही.

टायरवर बाण असतो. दोन्ही चाकांना चालणाऱ्या टायरवर दोन बाण असतात, पुढच्यासाठी एका दिशेचा आणि मागच्यासाठी उलट दिशेचा. मागच्या चाकावर इंजिनाचा जोर येतो, पुढच्यावर ब्रेकचा, आणि हे दोन जोर रबराला विरुद्ध बाजूंनी ओढतात, म्हणून ही तजवीज. बाजूला रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी यायला हवा. टायरची ती बाजू हलकी असते आणि व्हॉल्व्हचं वजन तिथे भरून निघतं.

ट्यूब नवीनच घाला. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवर ती कापली जाते. रिमच्या आतली रबरी पट्टी फाटली असेल तर तीही बदला, तिची किंमत चहा-वड्याएवढी. व्हॉल्व्हची खालची चकती रिमवर आवळून ठेवायची सवय सोडा. ती वर टोपीपाशी सरकवून ठेवा. टायर रिमवर सरकत असेल तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि तुम्हाला आधीच कळतं. चकती आवळलेली असेल तर व्हॉल्व्ह तिरका व्हायला वाव नसतो, तो मुळातूनच फाटतो. "ट्यूब दर वेळी व्हॉल्व्हपाशीच का जाते" याचं उत्तर बऱ्याचदा हेच.

हवा

पंपावरचा मुलगा विचारतो, "किती?" आपण म्हणतो, "दोन्हीत तीस." हे पुढच्या चाकासाठी फार आहे. बुलेटच्या पुढच्या टायरला २० ते २२ पौंड (पीएसआय) पुरतात, मागे एकट्याला २८ आणि डबलसीट ३० ते ३२. पुढे ३२ भरले की टायर दगड होतो, प्रत्येक खडी हँडलमध्ये येते आणि तिथूनच थरथराट सुरू होतो. मागे २० वर आली तर गाडी नक्की डुलणार. थंड टायरवर, घरून निघण्याआधी मोजा. शंभर-दोनशे रुपयांचा गेज घरात असू द्या. पंपावरचे गेज एकमेकांशी पाच पौंडांनी भांडत असतात.

नवे टायर, थरथराट आणि पुढे ३० पेक्षा जास्त हवा असं समोर आलं, तर मी बाकी काहीच न बघता आधी हवा उतरवून एक फेरी मारायला सांगतो. कितीतरी वेळा गोष्ट तिथेच संपते.

रेघांचा टायर की ठोकळ्यांचा

पुढे लांब सलग रेघांचा टायर आणि मागे ठोकळेदार नक्षी, ही जुनी जोडी उगीच पडलेली नाही. रेघांचा टायर वळणावर आडवा घसरत नाही आणि हाताला हलका लागतो. त्याचा एक दोष मात्र पत्करावा लागतो. खरवडून ठेवलेल्या डांबरावर, सिमेंटच्या रस्त्यात दोन लेनमधल्या सांध्यावर, मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीटच्या पट्ट्यांच्या कडेला तो त्या रेघेमागे जातो आणि हँडल स्वतःहून वळल्यासारखं वाटतं. गाडीत बिघाड नसताना लोक यासाठी कोनसेट आवळून घेतात. फक्त अशा रस्त्यांवरच होत असेल तर सोडून द्या, किंवा पुढच्या वेळी मधल्या रेघा तुटक असलेली नक्षी घ्या.

डोंगरात नेण्याची गाडी दिसावी म्हणून दोन्हीकडे मोठ्या बटणांचे टायर टाकतात. दिसतात छान. खंबाटकीच्या उतारावर पावसात ती बटणं पायाखाली वाकलेली जाणवतात, आणि पुढची बटणं एका बाजूने झिजली की थरथराट कायमचा मुक्कामाला येतो. फोटोंसाठी गाडी असेल तर जरूर टाका.

मापात आडवी रेघ म्हणजे साधा तिरप्या थरांचा टायर, आर म्हणजे रेडिअल. एक चाक हे आणि दुसरं ते असं करू नका.

आता मेकॅनिककडे

टायर, बसवणी, हवा सगळं ठीक आहे आणि तरी डुलते, मग लोखंडाकडे या.

पहिलं चाकांची रेष. बुलेटच्या मागच्या चाकाला चेन ताणायला दोन्ही बाजूंना गोगलगाईच्या आकाराचे कॅम आहेत. त्यांच्या खाचा मोजून दोन्हीकडे सारख्या ठेवल्या की चाक सरळ, असं मानतात. चाळीस वर्षांच्या झिजलेल्या कॅमवर हे खरं नसतं. गवंडी वापरतात ती सव्वादोन मीटरची अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी आणा, जमिनीपासून जमेल तेवढ्या उंचीवर दोन्ही चाकांना एका बाजूने टेकवा. दोन्ही टायर ३.२५ चे असतील तर पट्टी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. इथे सारख्या मापाचा फायदा कळतो. मागचा रुंद असेल तर पुढच्या टायरपाशी राहणारी फट दोन्ही बाजूंनी सारखी हवी.

मग चिमटा. गाडी मेन स्टँडवर घ्या, एका हाताने फ्रेम धरा, दुसऱ्याने मागचं चाक आडवं हलवा. कट् असं जाणवलं तर ते चाकाच्या बेअरिंगमधलं आहे की चिमट्याच्या बुशमधलं, हे सांध्यावर बोट ठेवून ओळखा. नव्या टायरची पकड चांगली असते, त्यामुळे जुन्या गुळगुळीत टायरावर झाकलेला बुशचा खेळ आता उघडा पडतो. म्हणूनच "टायर बदलल्यावरच सुरू झालं" हे मालकाचं म्हणणं खरं असतं, आणि तरी टायर निर्दोष असतो.

कोनसेट पाहायला पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश वळवा. मधोमध खटकन अडकलं तर छर्ऱ्यांनी वाटीत खळगे पाडले आहेत. तिथे आवळून काही होत नाही, सेट बदलावाच लागतो. चाकाला आउट असेल तर आरे सारखे ताणून काढून घ्या. बुलेटच्या चाकाला चाळीस आरे असतात, एकेकावर पान्याने टिचकी मारा, भोंगळ आवाजाचा सापडतो.

जावा, राजदूत ३५०, आरएक्स

जुन्या जावा २५० ला दोन्हीकडे ३.२५-१६. माप सहज मिळत नाही, त्यामुळे १००/९०-१६ गळ्यात मारला जातो. तिचे मडगार्ड खोल आहेत आणि चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे मागे फुगलेला टायर कव्हरला घासू शकतो. रबर जळल्याचा वास आला की तेच बघा.

राजदूत ३५० ला पुढे ३.००-१८, मागे ३.५०-१८. पुढच्यापेक्षा मागचा रुंद हे तिच्या मूळ आखणीतच आहे, दोन्ही सारखे करू नका. ही गाडी बुलेटपेक्षा खूप पळते, म्हणून इथे वेगाच्या अक्षराकडे दुर्लक्ष चालणार नाही, पी किंवा त्यावरचं घ्या.

आरएक्स १०० ला २.५०-१८ आणि २.७५-१८. मागे रुंद टायर टाकायची हौस या गाडीवर सर्वांत जास्त, आणि शिक्षाही. हलकी गाडी, अरुंद रिम, वर १००/९० चढवला की पिकअप जातो आणि वळणावर गाडी आधी अडते, मग एकदम कोसळल्यासारखी आत जाते. फार तर ३.०० पर्यंत, तेही रिम मोजून.

नव्या टायरवर साच्यातून निघताना आलेली चकाकी असते. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर ती जाईपर्यंत जोरात ब्रेक नको, गाडी फार कलवायची नाही आणि ओल्या रस्त्यावर तर नकोच. तेवढं चालून झालं की चेनचा ताण, आरे आणि मागच्या एक्सलचं नट पुन्हा बघून घ्या. चाक काढून बसवल्यावर ते थोडं सैल पडतं.